खिडकीतून रुमाल

सर्वकालीन सर्वश्रेष्ठ ऑलिंपिकवीर कोण, हा प्रश्न स्वारगेटच्या एसटी स्टँडासमोरच्या एका अमृततुल्यात रोज संध्याकाळी कायमचा निकालात निघतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघतो, आणि निकाल वेगळा लागतो. अध्यक्षस्थानी बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात. त्यांना कोणी निवडलेलं नाही, पण पंख्याखालची खुर्ची त्यांची आहे. सदस्य रोज बदलतात. परवाच्या बैठकीला सांगलीची गाडी चुकलेले एक गृहस्थ होते, दहिवडीच्या गाडीवरच्या कंडक्टर ताई होत्या, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा होता. या मुलाला सगळं माहीत असतं, पण त्याला पर्याय द्यावे लागतात.

परदेशी मंडळींचा निकाल पहिल्या घोटातच लागला. मायकल फेल्प्सची 28 पदकं, त्यातली 23 सुवर्ण, असं मुलाने सांगितलं. काका म्हणाले, "पोहण्यात पदकं फार स्वस्त रे. उताणं पोहलं की एक, पालथं पोहलं की दुसरं. कुस्तीत उताणं पडलं की घरी जावं लागतं." उसेन बोल्ट त्यांना वेगाबद्दल मान्य आहे. पण बीजिंगला शर्यत संपायच्या आधीच तो छाती बडवायला लागला, हे त्यांनी 2008 पासून मनात ठेवलंय. पुण्यात वळणाचेही गुण असतात. झाटोपेकने 1952 ला हेलसिंकीत पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णं एकाच ऑलिंपिकमध्ये मारली, हे ऐकल्यावर मात्र काका थोडे गप्प झाले आणि म्हणाले, "हेलसिंकी? म्हणजे आपल्या खाशाबांचं!"

झाटोपेक तिथेच बाद झाला.

आता एक गोष्ट उघड बोलायला हवी. आपण मराठी माणसं थोर खेळाडू निवडत नाही, त्याच्यावर रुमाल टाकतो. एसटीने प्रवास केलेल्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी धाकटं पोर आत सोडायचं आणि जागा आपली झाली म्हणून निवांत मागून चढायचं. या शास्त्राचा पहिला नियम असा की गाडी दिसल्याशिवाय रुमाल खिशातून काढायचा नाही. रिकाम्या फलाटावर रुमाल टाकून बसायला कोण वेडा आहे?

एक होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावाने वर्गणी काढली. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं आणि मधली हक्काची विश्रांती मागून घ्यायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता, असं सांगतात. परतल्यावर मिरवणुकीला मात्र शंभरावर बैलगाड्या होत्या. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून खर्डेकरांचे पैसे फेडले. 1955 ला पोलीस खात्यात फौजदार झाले, 1984 ला अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना त्यानंतर दीड दशक उलटल्यावर मिळाला. आता 15 जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, हा राज्य क्रीडा दिन आहे. "दोन मार्कांना हमखास येतो," मुलगा म्हणाला.

त्याच्याही आधीची गंमत पुण्यातलीच आहे. सर दोराबजी टाटांनी डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेडुतांची पोरं पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकचं वेड लागलं. शंभर यार्डांना ऑलिंपिकच्या लायकीची वेळ किती, असं त्यांनी जिमखान्याच्या एका मातब्बर सभासदाला विचारलं, तेव्हा उत्तर मिनिटांच्या हिशेबात आलं म्हणतात. तिकडे सेकंदाचे दशांश मोजत होते. पण उत्तर ठामपणे आलं, हे महत्त्वाचं. तरीही 1920 ला अँटवर्पला संघ गेला. कुस्तीत शिंदे चौथे आले. मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. एकोणिसावे आले हे त्यातल्या त्यात बरं झालं. ते पहिले आले असते, तर त्यांच्यावर दोन राज्यांनी रुमाल टाकले असते आणि सीमाप्रश्नाच्या कागदपत्रांत आणखी एक पदक वाढलं असतं.

सांगलीच्या गृहस्थांचा इथे संयम सुटला. "आमचे मुरलीकांत पेटकर राहिले की हो!"

राहिले खरे. 1965 च्या युद्धात गोळ्या झेललेला हा जवान 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहला. विश्वविक्रम आणि सुवर्ण. अभिनव बिंद्राच्या ऑलिंपिक सुवर्णाच्या 36 वर्षं आधी. त्यानंतर पेटकर पुण्यात राहिले, टेल्कोत नोकरी केली, म्हणजे सुवर्णपदक विजेता आपल्याच शहरात शिफ्टला ये-जा करत होता. पद्मश्री 2018 ला आली. 2024 च्या जूनमध्ये 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला आणि 2025 च्या जानेवारीत अर्जुन पुरस्कार. पदक आणि पुरस्कारात 52 वर्षं. या वेळात आपण काय करत होतो, याचा काकांनी खुलासा केला: "तेव्हा टीव्ही नव्हता." मग त्यांनी आपण पेटकरांना पहिल्यापासून ओळखतो असं सांगितलं आणि वर्णन सिनेमातल्या कार्तिक आर्यनचं केलं.

कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे या बाबतीत भाग्यवान. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये त्याने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मारलं, खाशाबांनंतर 72 वर्षांनी मराठी मातीला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हा तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्या दिवसापासून स्वारगेटला असा माणूस उरला नाही ज्याचं तिकीट स्वप्निलने तपासलेलं नाही. एकाने तर त्याने आपल्याला विनातिकीट पकडून दंड केल्याचं अभिमानाने सांगितलं. पावती मागितली, तर म्हणाला सापडत नाही. स्वप्निलच्या अभिनंदनाचे फलकही लागले, आणि असे फलक आपण जाणतोच: वर चार नेते, खाली बारा कार्यकर्ते, मधोमध कुणाचा तरी वाढदिवस, आणि कोपऱ्यात उजवीकडे रायफल घेतलेला एक मुलगा. गावाबाहेरचा कोणी पाहील, तर या पोराने एवढ्या मोठ्या माणसांना ओलीस धरलंय असंच वाटेल त्याला.

मघापासून कंडक्टर ताई हिशेबाची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काकांनी औदार्याने विचारलं, "ताई, तुमचं मत?"

"ललिता बाबर," त्या म्हणाल्या.

"पदक कोणतं?"

"पदक नाही. रिओला दहावी."

काकांनी नकारार्थी हात हलवला. मुलाने पुस्ती जोडली: माण तालुक्यातलं मोही गाव, तीन हजार मीटर स्टीपलचेस, 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय. ताई म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. आमच्याकडे पाणी आणायला पोरी पळायच्या, त्यांना घरी थांब म्हणायचे. ती पळायला लागल्यावर थांब म्हणायचे बंद झाले." आणि दहिवडीच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठल्या. त्यांनी निकालाची वाट पाहिली नाही. इतकं ठाम मत बैठकीला सोसत नाही, त्यामुळे ते नोंदवलं गेलं नाही.

मतदान झालं. सर्वश्रेष्ठ ऑलिंपिकवीर म्हणून प्रचंड बहुमताने सचिन तेंडुलकर निवडून आला.

"काका, तो ऑलिंपिक खेळलाच नाही," मुलगा म्हणाला.

"मग ते ऑलिंपिकचं नुकसान."

मुलाने माहिती पुरवली की क्रिकेट 1900 ला पॅरिसमध्ये एकदाच होतं, ग्रेट ब्रिटन विरुद्ध फ्रान्स, एकच सामना, आणि आता 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा येतंय. हे ऐकून काकांनी ताबडतोब निकाल 2028 पर्यंत राखून ठेवला.

"आणि मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या खेळात कुणाला सुवर्ण मिळालं तर?"

काकांनी बशीतला चहा संपवला. "मिळू दे की. आधी कुठल्या तालुक्यातला आहे ते बघू."