मा. वीस-वीस-वीस साहेबांस, नगरच्या रांगेतून

प्रति,
मा. वीस-वीस-वीस साहेब,
मूळ राहणार कॅलिफोर्निया, हल्ली मुक्काम प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर.

विषय : आपली अंमलबजावणी आमच्या टेबलावर होऊ शकत नसल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक कळवतो की, मी नगर शहराच्या पूर्वेला, भिंगारच्या बाजूला, एका गाळ्यात दाखल्यांचे अर्ज भरून देतो. लोक याला सेतू म्हणतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन क्रिमिलेअर, आणि ते आटोपते न आटोपते तोच पीक विमा, असा आमचा हंगाम असतो. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की बंद करता येत नाही, तसा माझा लॅपटॉप. संध्याकाळी डोळ्यांत वाळू, कपाळावर घण आणि मानेत गाठ घेऊन घरी गेलो की मोबाईलवर आपण हजर असता : दर २० मिनिटांनी, २० फूट दूर, २० सेकंद पाहा. पाठवणारा मेहुणा आपल्याला पाळत असता, तर इतक्या वेळा पाठवू शकला नसता.

आपल्या घराण्याची चौकशी केली, कारण कागदपत्र तपासल्याशिवाय अर्ज पुढे सरकवायची आम्हाला सवय नाही. कॅलिफोर्नियातले दृष्टितज्ज्ञ जेफ्री अँशेल हे आपले जनक आणि १९९०चे दशक हा आपला जन्मकाळ, असे समजले. तीन विशींपैकी २० फुटांची वीस मात्र खानदानी निघाली. डच डॉक्टर स्नेलन यांनी १८६२ साली डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता केला. तो २० फुटांवर, म्हणजे सहा मीटरवर लावतात. चष्म्याच्या चिठ्ठीवर ६/६ लिहितात, त्यातला सहा तो हाच. जवळचे पाहताना डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा इवलासा स्नायू आवळून धरावा लागतो, आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळवून ठेवावे लागतात. दिवसभर मूठ आवळून ठेवली तर हात दुखेल की नाही? इथे तो हात कपाळात आहे. सहा मीटरच्या पुढे पाहिले की ती मूठ जवळजवळ सुटते.

त्यापलीकडचे सगळे अंतर डोळ्याला सारखेच. समोरच्या लिंबाकडे पाहा नाहीतर शाह डोंगरावरच्या चांदबीबी महालाकडे, स्नायूच्या हिशेबी फरक नाही. (तो महाल चांदबीबीचा नाही, निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. पण नगरकर नावांच्या बाबतीत समजूतदार असतात. २०२४ साली जिल्ह्याचेच नाव बदलले. आता आधारवर अहमदनगर, ड्रॉपडाउनमध्ये अहिल्यानगर, आणि दोन्ही एकच असल्याचे समोरच्या माणसाला समजावून सांगणारा मी. दोन्ही नावे ‘अ’वरूनच असल्याने जिल्हा शोधायला यादीत खाली जावे लागत नाही. या सबंध व्यवहारात डोळ्यांना मिळालेली सवलत म्हणाल तर एवढीच.)

२० सेकंदांचे म्हणाल, तर त्यांचा वशिला जरा कच्चा दिसतो. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तरुण मुलांना टॅबलेटवर वाचायला बसवून, मध्येमध्ये २० सेकंदांची सुट्टी देऊन पाहिले. तक्रारींत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. त्याच सुमारास दुसऱ्या एका अभ्यासात मात्र, लॅपटॉपने आठवण करून दिल्यावर लोकांना बरे वाटले. तेव्हा आपण अगदीच खोटे नाही. वीस सेकंद थोडे कंजूषपणाचे आहेत, इतकेच. मुद्दा थांबण्याचा आहे, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

मी मान वर केली की काय होते, ते आपल्याला कॅलिफोर्नियात कळवायला कोणी नव्हते. आदेशानुसार मी पडद्यावरून नजर काढली आणि समोर पाहिले. रांगेतले पहिले बाबा दचकले. “दादा, सर्व्हर गेला का काय?” मागच्या मावशींनी तेच पुढे ढकलले, त्यांच्या मागच्याने लगेच गावी फोन लावला, “येऊ नका रे, बंद पडलंय.” सर्व्हर ठणठणीत होता. फक्त माझा स्नायू सैल होत होता. त्या सेकंदांत माझ्याकडे इतके डोळे लागले होते की माझ्या दोन डोळ्यांना मिळालेला आराम त्यात कुठल्या कुठे गेला.

शिवाय २० फूट आणायचे कुठून? गाळा दहा फुटांचा. शटरच्या बाहेर रस्ता आहे, रस्त्यापलीकडे लिंब आहे, अंतर मोजले तर आपल्या नियमात बसते. पण मधल्या प्रत्येक फुटावर एक माणूस उभा आहे आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही खोली लहानच असते. ते तक्ता रुग्णाच्या मागे लावतात आणि समोर दहा फुटांवर आरसा टांगतात. जाऊन-येऊन अंतर २० फूट भरते, आणि डोळ्याला ते खरेच २० फूट वाटते. ही युक्ती मला फार आवडली. पण माझ्या भिंतीवर आरसा टांगला तर त्यात रांगच दिसणार, आणि एक रांग असताना दुसरी पाहायची छाती नाही.

राहिली दर २० मिनिटांची अट. साहेब, विश्रांती आम्हालाही मिळते. ती सर्व्हर देतो. कोणत्याही एका संकेतस्थळाचे नाव घेत नाही, सगळी एकाच आईची लेकरे आहेत. पडद्यावर गोल चक्र फिरू लागते. आता खरे तर मी लिंबाकडे पाहायला हवे. पण चक्र थांबल्याबरोबर ओटीपी येणार, तो या बाबांच्या पुण्यातल्या मुलाच्या मोबाईलवर येणार, मुलगा मीटिंगमध्ये असणार, आणि ओटीपीचे आयुष्य संपण्याआधी तो टाकला नाही तर पहिल्या पानापासून सुरुवात. म्हणून मी चक्राकडे पाहत राहतो, मांजर बिळाकडे पाहते तसा, पापणीसुद्धा न हलवता. दुखण्याचे मूळ इथे आहे. एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. पडद्यापुढे ते निम्म्याहून खाली येते, आणि जे मिटणे होते तेही अर्धवट. डोळ्यावरचे पाणी वाळते. त्यात आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला, वारा कोरडा, आणि गर्दीच्या उकाड्यात टेबलफॅन थेट तोंडावर. ती वाळू आम्हीच पेरतो.

जुन्या कचेरीतल्या भाऊसाहेबांना हे दुखणे नव्हते. ते सातबारा हाताने लिहायचे. टाकाची शाई संपायची, शाई वाळेपर्यंत पान उलटता यायचे नाही, आणि दर थोड्या वेळाने तोंडातले पान टाकायला ते खिडकीपर्यंत जायचे. खिडकी साधारण २० फुटांवर. पिचकारी लांब जावी म्हणून नजर दूर, क्षितिजाकडे. परत येऊन बसेपर्यंत २० सेकंद आरामात. आपला शोध कॅलिफोर्नियात लागायच्या कितीतरी आधी आपण आमच्या महसूल खात्यात रुजू होता, साहेब. भिंतींवर त्याच्या लाल नोंदी अजून आहेत. इथून जवळच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबरात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ची हजारेक पाने हाताने लिहिली. कोंडले होते खरे, पण विचार करायला मान वर केली तर “सर्व्हर गेला का?” असे सोबत कैदेत असलेले मौलाना आझाद विचारत नव्हते.

उपचार नाही केले असे नाही. कपाळाला सुंठ उगाळून लावली. आईने काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळले. डोळ्यांतली उष्णता पायातून निघते यावर तिचा विश्वास आहे आणि त्या वेळात मी डोळे मिटून पडून राहतो, त्यामुळे गुण येतो, वाद कशाला घाला. चष्म्याच्या दुकानात निळ्या प्रकाशापासून वाचवणारी काच दाखवली. दुकानदाराने निळी बॅटरी मारली, साध्या काचेतून ठिपका पलीकडे गेला, भारीच्या काचेने तो अडवला. प्रयोग डोळे दिपवणारा होता. पण २०२३ साली वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने सतरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा डोळ्यांच्या शिणाला या काचेचा साध्या काचेहून वेगळा उपयोग आढळला नाही. पडद्याचा निळा प्रकाश उगाच आरोपी झालाय. बाहेरच्या नगरी उन्हात त्याहून कितीतरी जास्त निळे असते आणि त्याची कोणी काच विकत नाही.

खरे काम फुकटात झाले, म्हणजे तपासणीच्या पैशांत. डॉक्टरांनी सांगितले, चाळिशी लागली आहेच, पण वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा, लॅपटॉप हातभर लांब. मधल्या अंतराचा नंबर वेगळा निघतो. दोन भागांचा चष्मा लावून पडदा पाहायला मी हनुवटी वर करायचो, मानेतली गाठ तिथून आलेली. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली, पंखा बाजूला, अक्षर मोठे. टेबल आडवे फिरवा म्हणजे शटरचा उजेड अंगावर येणार नाही, असेही म्हणाले. ते फिरवले आणि दुपारपर्यंत सरळ केले. पडदा दिसला नाही तर लोकांना चैन पडत नाही. “दादा, त्या आडनावाला वेलांटी दुसरी बरं का,” असे म्हणत काचेवर बोट टेकवल्याशिवाय अर्ज पुरा झाल्यासारखा वाटत नाही. एक मात्र डॉक्टरांनी गंभीरपणे सांगितले आणि ते मीही रांगेतल्या लोकांना सांगतो : एकाएकी दिसायचे कमी झाले, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, डोळा लाल होऊन डोके फुटायला आले आणि उलट्या झाल्या, तर तो लॅपटॉप नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सुंठ नाही, बाम नाही.

तेव्हा साहेब, आपल्याला सरसकट नामंजूर करता येत नाही आणि आहात तसे मंजूरही करता येत नाही. आमच्याकडे अर्जात त्रुटी काढून तो परत पाठवतात. मीही तेच करतो. घड्याळाने चालणारी आपली वीस मिनिटे रद्द करावीत. त्याऐवजी अंगठा घालावा. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड करून आलेली माणसे यंत्रावर अंगठा ठेवतात, कोयत्याने आणि उसाच्या पाल्याने रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ‘पुन्हा ठेवा’ म्हणते. ते अंगठा पुसतात, धोतराला घासतात, पुन्हा ठेवतात. दुसरे बोट, मग दुसरा हात. या वेळात पडद्यावर माझे काहीही काम नसते, आणि रांगेचे डोळे माझ्यावर नसून त्या अंगठ्यावर असतात. एवढ्या वेळात मी लिंबाकडे पाहून घेतो, पापण्या पूर्ण मिटून उघडतो, आणि कोणी विचारत नाही सर्व्हर गेला का.

ही दुरुस्ती आपल्याला मान्य असल्यास नव्याने अर्ज करावा. सोबत वयाचा पुरावा, वीस फुटांचा मोजणी नकाशा आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला जोडावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे वास्तव्य धरले जाईल की नाही, ते तहसीलला विचारून सांगतो. टोकन सकाळी लवकर येऊन घ्यावे.

आपला विश्वासू,
केंद्रचालक

ता. क. : ओटीपी आपल्या जनकांच्या मोबाईलवर येईल. त्यांना सांगून ठेवावे, मीटिंगमध्ये असले तरी उचला म्हणावे.