एकतीस मीटरवाले काका

कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या संकुलात शिरा. मॅरेथॉनवाले सापडतील, बाल्कनीत कोथिंबीर पिकवणारे सापडतील आणि वरच्या मजल्यावर कुठेतरी एक एकतीस मीटरवाले काका सापडतील. नौपाड्यातलं नाहीतर डोंबिवलीतलं जुनं घर विकून ते इथे आलेले असतात. गेली काही वर्षं ते एक छोटा, परवडणारा शॉर्टवेव्ह रेडिओ घेताहेत. घेताहेत म्हणजे अजून घेतलेला नाही.

"काका, शॉर्टवेव्हवर आता राहिलंय काय?" असं विचारणाऱ्याने हाताशी वेळ ठेवूनच विचारावं. मर्फी रेडिओचा कारखाना आपल्या ठाण्यातच होता, इथून सुरुवात होते. मग नभोवाणीमंत्री केसकर, त्यांच्यामुळे आकाशवाणीवरून हटलेली सिनेमाची गाणी, १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेली बिनाका गीतमाला, आणि सरकारला उपरती होऊन ३ ऑक्टोबर १९५७ला जन्मलेली विविध भारती. ३१ जानेवारी २०२०ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण बंद झालं, ते सांगताना काकांचा आवाज सुतकी होतो. पण लगेच सावरून ते चीन, जपान, रोमानिया अशी बोटं मोजायला लागतात.

खरी रंगत निवडीत. स्वस्तातला साधा सेट काका हातात धरतात आणि खाली ठेवतात. "सिंगल कन्व्हर्जन! ९६९० किलोहर्ट्झचं स्टेशन हा तुम्हाला ८७८०वरही ऐकवणार. मधली फ्रीक्वेन्सी ४५५, तिची दुप्पट ९१०, वजा करून बघा." समोरचा खरंच वजाबाकी करतो आणि अडकतो. मग टेकसनचा पीएल-३१०ईटी येतो: डीएसपी चिप, तीन पेन्सिल सेल, कुठेही मिळतील असे. सगळं पसंत, पण त्यात एसएसबी नाही. पीएल-३३०मध्ये एसएसबी आहे, शिवाय बॅटरी बीएल-५सी, म्हणजे जुन्या नोकिया ११००चीच. काकांच्या ड्रॉवरमध्ये अशा दोन पडून आहेत, दोन्ही फुगलेल्या.

"एसएसबी कशाला लागतं हो?" काकू विचारतात.

"हौशी हॅम रेडिओवाले आपापसांत बोलतात ते ऐकायला."

"इथे मी बोलते ते ऐकायला काय लागतं?"

काका सगळं सिनपो कोडमध्ये मोजतात: सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनची लुडबुड, खरखर, लहरींची चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला पाचपैकी गुण. सूनबाईंच्या उपम्याला ४५४४४ मिळतात. सकाळच्या मानपाडा सिग्नलला सरसकट १११११.

एकदा मित्राचा सेट परीक्षेसाठी घरी आला. संध्याकाळी सात वाजता काकांनी अँटेना खेचली आणि हॉलभर नुसती घरघर पसरली. राउटर बंद केला. फोनचे चार्जर काढले. एलईडी दिवे मालवले. शेवटी मेन स्विचच खाली केला, तेव्हा काकूंची मालिका गेली आणि घरघर निम्मी झाली. उरलेली निम्मी शेजाऱ्यांची आणि लिफ्टची होती. त्यात भिंती काँक्रीटच्या, आत सळ्यांचं जाळं. आयनांबरावर आदळून हजारो किलोमीटर आलेली लहर काकांच्या सोफ्यापाशी येऊन दम तोडत होती.

तोच सेट गच्चीवर नेला. येऊरच्या बाजूला, पाण्याच्या टाकीआड. शॉर्टवेव्हचा त्यांचा लाडका एकतीस मीटरचा पट्टा गजबजलेला निघाला: चिनी, अरबी, मधेच कुणाची तरी प्रार्थना. हा सेट त्यांच्या यादीत सगळ्यात शेवटचा, सगळ्यात स्वस्त! इथे माणसाने शहाणं व्हायचं आणि तोच मागवायचा. काकांनी यादीला एक नवा रकाना जोडला, ‘गच्चीवर’, आणि सगळी मॉडेलं पहिल्यापासून तपासायला घेतली.

सोबत सोसायटीला अर्ज गेला: गच्चीवर सात मीटर बारीक तार बांधायची परवानगी मिळावी. कमिटीत एकाला वीज पडायची भीती वाटली, दुसऱ्याला उद्या सगळेच तारा बांधतील अशी. "काका, मोबाइलवर ॲप घ्या ना," सेक्रेटरी म्हणाले. इंटरनेटवरून आलेला आवाज काका रेडिओ मानत नाहीत. तो त्यांच्या लेखी फोन. अर्ज पुढच्या सभेवर ढकलला गेला.

त्याच रात्री लिफ्टमध्ये तरुण खजिनदाराने गाठलं. "काका, गावी बाबांना छोटासा रेडिओ पाठवायचाय. तीनेक हजारांत कुठला घेऊ?"

तळमजला आला, दार उघडलं. काकांनी बाविसाव्या मजल्याचं बटण पुन्हा दाबलं. "आधी मला सांग, बाबा बसतात कुठे? ओट्यावर की आत? आणि घरात एलईडी किती?"