गोल्डनरॉड, पण कुठला?

सप्टेंबरात न्यू जर्सीत रस्त्याकडेला पिवळंधमक काही दिसलं आणि ती शाळेची बस नसली, तर तो गोल्डनरॉड. एवढं ज्ञान इथे आल्यावर पहिल्याच वर्षी पदरात पडतं आणि बहुतेकांचं तेवढ्यावर आयुष्यभर सुखाने भागतं. “हो, पण कुठला गोल्डनरॉड?” हा प्रश्न ज्याला पडला, त्याचे शनिवार-रविवार गेले म्हणून समजा.

आपल्या लोकांना हा प्रश्न पडायला फार वेळ लागत नाही. इथे एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या दुकानात भेंडी निवडताना शेजारून मराठी ऐकू आलं, की दुसऱ्या वाक्याला “मूळचे कुठले?” येतं. “साताऱ्याकडचे” म्हटलं की “साताऱ्याकडे कुठे?” येतं. “वाई” कळलं की मधली आळी की गंगापुरी, हे समजल्याशिवाय हातातली भेंडी पिशवीत पडत नाही. अशा संस्कारांत वाढलेल्या बाईला “ते सॉलिडॅगो आहे” एवढंच सांगून कुणी वाटेला लावू म्हणेल, तर ते व्हायचं नाही.

सॉलिडॅगो हे त्या घराण्याचं शास्त्रीय नाव. लिनीयसने १७५३ साली ते पुस्तकात घातलं, आणि तेव्हापासून घराणं वाढतंच आहे. जगात शंभरेक जाती, त्यातल्या बहुतेक उत्तर अमेरिकेतल्या. तिथल्या वनस्पतींच्या महाकोशाचा जो खंड २००६ साली निघाला, त्यात ७७ जाती दिल्या आहेत. कुळ सूर्यफुलाचं, म्हणजे झेंडू, शेवंती आणि आपल्या सह्याद्रीतली सोनकी ही सगळी नात्यातलीच. पण त्यांच्यात निदान चेहरेपट्टीचा फरक आहे. या ७७ जणांनी जवळपास एकच पिवळा रंग घेतला आहे, एकाच मोसमात फुलायचं ठरवलं आहे, आणि बऱ्याचदा एकाच माळावर दाटीवाटीने उभं राहायचं पत्करलं आहे.

हौशी लोकांचे हाल पाहून पीटरसन आणि मॅकेनी यांनी १९६८ सालच्या आपल्या रानफुलांच्या पुस्तकात एक सोय केली. फुलोऱ्याच्या आकारावरून गट पाडले: कुणाचा पिसारा, कुणाचा सोटा, कुणाची बारीक छडी, कुणाचा माथा सपाट, आणि एक गट एल्म वृक्षासारख्या फांद्यांचा. सोय उत्तम आहे. अडचण एवढीच, की १९३० च्या सुमारास आलेल्या बुरशीच्या रोगाने अमेरिकेतले मोठे एल्म बहुतांशी मारून टाकले. तेव्हा गोल्डनरॉड ओळखायचा तर आधी एल्म आठवायचा, आणि एल्म आठवायचा तर आजोबांच्या वयाचं असायचं.

शेवटी मी रानफुलं दाखवणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या मागे लागले. गळ्यात भिंग, डोक्यावर टोपी, आणि चालण्याचा वेग असा की आम्ही सगळे विद्यार्थी धापा टाकत मागे. बाईंनी पहिलाच नियम सांगितला: फुलांकडे बघू नका. लग्नाला जाऊन नवरीकडे पाठ करायची आणि मांडवाचे खांब तपासायचे, तसा हा प्रकार. फुलोऱ्याने भुलायचं नाही, खाली वाकायचं आणि देठावरून अंगठा फिरवायचा. बुडखा गुळगुळीत, वर पांढरट, लवेसारखी नव्हे, पावडरीसारखी झाक, आणि ती बोटाने पुसली जाते? मग तो जायगँशिया. खालपासून वरपर्यंत बारीक, आखूड केस आणि पान वरून खरखरीत? मग अल्टिसिमा असण्याचा संभव. केस लांब, पान सुरकुतलेलं आणि शिरांचं नुसतं जाळं? रुगोसा. पानात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक शीर समांतर धावत असेल, तर रुगोसा बाद.

“आणि कॅनडेन्सिस?” मी विचारलं. हे नाव सगळ्यांत प्रसिद्ध, म्हणून.

त्यासाठी बाईंनी खिशातून मिलिमीटरची पट्टी काढली. गोल्डनरॉडचं ज्याला आपण एक फूल म्हणतो, तो मुळात बारीक बारीक फुलांचा गुच्छ असतो. त्याच्या खाली हिरव्या पानोळ्यांचा पेला असतो. तो पेला साधारण २ ते ३ मिलिमीटर उंच असला तर कॅनडेन्सिस, ३ ते ४ असला तर अल्टिसिमा.

“आणि बरोबर ३ असला तर?”

“तर जेवायची वेळ झाली असं समजायचं,” बाई म्हणाल्या.

त्या फेरीला वाईहून आलेल्या सासूबाईही होत्या. त्यांनी भिंगाला हात लावला नाही. आम्ही दक्षिणेकडच्या पाइन बॅरन्समध्ये गेलो होतो. तिथली जमीन रेताड, झाडं विरळ. सगळे केस मोजत असताना सासूबाईंनी एका नाजूक झाडाचं गुळगुळीत पान तोडलं, तळहातावर चुरडलं आणि नाकाला लावलं.

“अगं, ही तर बडीशेप!”

बाईंनी टोपी काढून त्यांना सलाम केला. तो ओडोरा होता. त्याचं पान उजेडासमोर धरलं तर बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, हे पुस्तकात शिकायला आम्हाला वेळ लागला असता. वसाहतींच्या काळात इंग्रजांच्या चहावर बहिष्कार पडला, तेव्हा लोक याच्या पानांचा चहा करून प्यायले, असंही बाईंनी सांगितलं. सासूबाईंनी ते ऐकलं आणि विचारलं, “मुखशुद्धीला चालेल ना?” वनस्पतिशास्त्राचा पुढचा प्रवास त्यांना त्यात दिसला असावा. उरलेली ७६ माणसं त्यांनी एका दमात निकालात काढली: “ज्याला वास नाही, त्याला नाव कशाला?”

हार्वर्डच्या आसा ग्रे यांना सासूबाई भेटायला हव्या होत्या. ग्रे हे एकोणिसाव्या शतकातले अमेरिकेचे सर्वांत मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि डार्विनचे स्नेही. जाती कायमच्या ठरलेल्या नसतात, बदलत जातात, हे डार्विनचं म्हणणं अमेरिकेत हिरिरीने मांडणारा हा माणूस. मग त्या बदलत्या जातींना नावं देण्याचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. गोल्डनरॉड आणि त्यांचे शेजारी ॲस्टर यांचा उलगडा करायला ग्रे युरोपातले जुने संग्रह धुंडाळून आले, १८८२ साली त्यावर निबंध छापला, आणि ॲस्टरपायी आपण अर्धमेले झालो असं पत्रातून कळवून टाकलं.

त्यांचा दोष नव्हता. या मंडळींचं वागणंच तसं आहे. समुद्रकाठी मांसल पानांचा सेम्परव्हायरेन्स राहतो. खारं पाणी त्याला सोसतं. त्याचं आणि आतल्या बाजूच्या रुगोसाचं जमतं, आणि त्यांची मुलं दोघांच्याही तोंडवळ्याची निघतात. बायकलर नावाचा एक जण सरळ पांढरा फुलतो. सपाट माथ्याचा, गवतासारख्या पानांचा एक जण वर्षानुवर्षं गोल्डनरॉड म्हणून नांदला. पुढे तो या घरातला नाहीच म्हणून युथॅमिया या वेगळ्या बिऱ्हाडात पाठवला गेला. उलट पांढऱ्या फुलांच्या टार्मिकॉइडिसला लोक बरीच वर्षं ॲस्टर समजत होते. पण त्याचे संबंध जुळायचे ते गोल्डनरॉडशीच. सोयरीक कुठे जमते ते पाहून शेवटी त्याला इकडे आणलं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे जॉन सेम्पल यांनी तर या घराण्यात दशकं घालवली. आता गुणसूत्रंही मोजतात: कुणात १८, कुणात ३६, कुणात ५४, आणि काही वेळा एकाच नावाच्या झाडांत तिन्ही. रानात उभं राहून गुणसूत्रं मोजता येत नाहीत, हा या पद्धतीचा एकमेव तोटा.

आमच्या घरी मात्र जातिभेदाला मान्यता नाही. सप्टेंबर लागला की नवऱ्याच्या शिंका सुरू होतात आणि सगळ्या गोल्डनरॉडवर सरसकट गुन्हा दाखल होतो. नेब्रास्काने १८९५ साली आणि केंटकीने १९२६ साली ज्याला राज्यफुलाचा मान दिला, तो आमच्या घरात आरोपी. खरं तर गोल्डनरॉडचा पराग जड आणि चिकट. तो किड्यांच्या अंगाला लागून जातो, वाऱ्यावर सहसा उडत नाही. उडतो तो रॅगवीडचा. तो त्याच दिवसांत, त्याच माळावर, हिरव्या, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या फुलांनी फुलतो आणि नामानिराळा राहतो. हा रॅगवीड म्हणजे १९५० च्या दशकात पुण्यात दिसून पुढे देशभर पसरलेल्या गाजर गवताचा चुलतभाऊ. हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं. “म्हणजे पुण्याचा संबंध आहेच,” असं म्हणून तो पुन्हा शिंकला.

आमच्या गावाला १९५४ साली ज्याचं नाव मिळालं, त्या थॉमस एडिसननेही गोल्डनरॉड तपासले होते. रबरासाठी अमेरिकेला परदेशाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, म्हणून १९२७ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, फोर्ड आणि फायरस्टोन यांना जोडीला घेऊन त्याने नवा उद्योग मांडला. हजारो वनस्पतींच्या चाचण्यांतून निवड झाली ती गोल्डनरॉडची, कारण तो एका हंगामात वाढतो आणि यंत्राने कापता येतो. एडिसनच्या दृष्टीने गोल्डनरॉडच्या जाती दोनच: पानात रबर भरपूर असलेली आणि नसलेली. १९३१ साली तो गेला, पुढे कृत्रिम रबर आलं, आणि टायरांचं ते स्वप्न तिथेच राहिलं.

पण या सगळ्यांवर मात करते ती एक माशी. युरोस्टा तिचं नाव. वसंतात गोल्डनरॉडच्या शेंड्यावर बसून ती पायांनी, मिशांनी आणि अंडी घालायच्या नळीने कोंब चाचपते. पसंत पडला तर आत एक अंडं. अळी वाढू लागली की देठाला लिंबाएवढी नाही तरी मोठ्या सुपारीएवढी गाठ येते. अळी हिवाळाभर त्या खोलीत, रक्तात ग्लिसरॉल साठवून, थंडीला दाद न देता बसते. सुतारपक्ष्याने गाठ फोडली नाही, तर वसंतात माशी बाहेर. गंमत अशी, की या माशीचेही दोन गट आहेत: एक अल्टिसिमावर वाढणारा, दुसरा जायगँशियावर. दोघींना आपलं झाड सहसा बरोबर कळतं, आणि स्थळंसुद्धा आपापल्या झाडावरच जमतात. आम्ही अंगठ्याने, भिंगाने आणि पट्टीने जो फरक शोधत बसतो, तो ही बया पायाने सांगते.

कारण तिचं पोर त्यावर जगायचं असतं. नवऱ्याला नाकाची काळजी, सासूबाईंना मुखशुद्धीची, एडिसनला टायरची. ज्याचं जिथे अडलं, तिथपर्यंतचा फरक त्याला कळला आणि पुढे त्याने चौकशी थांबवली. ज्यांचं काहीच अडलं नव्हतं, ते ग्रे आणि सेम्पल मात्र शेवटपर्यंत मोजत राहिले. माशी क्वचितच चुकते, पण तिची विद्या दोन जातींत संपते. आमच्या बाई पुष्कळ जाती ओळखतात आणि तितक्याच वेळा “नक्की सांगता येत नाही” म्हणतात. दोघींपैकी एकीचा क्लास लावायचा झाला, तर मी बाईंचाच लावीन. माशीच्या क्लासला प्रवेश मिळवायचा म्हणजे आधी देठात अंडं घालून दाखवावं लागतं.