ट्यूब कुणी लिहून दिली?

कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहा. एखादी बाई येते, ओढणी बाजूला करून गाल दाखवते. "दादा, वांगावर काहीतरी द्या ना." दादा मागच्या फळीवरून ट्यूब काढतो. "रात्री लावा ताई, आठ दिवसांत फरक पडेल." चिठ्ठी कुणी मागत नाही. दिवस गेलेत का, हेही कुणी विचारत नाही. खोक्याच्या कोपऱ्यात आरएक्सची खूण असते, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इशारा असतो, तोही इंग्रजीत.

फरक पडतो, हे खरं आहे. घात तिथेच होतो. अशा ट्यूबमध्ये बरेचदा तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं एखादं स्टिरॉइड. त्वचारोगतज्ज्ञही हे मिश्रण देतात, पण ठरावीक आठवड्यांसाठी आणि मधूनमधून चेहरा तपासत. गरोदरपणात तर ट्रेटिनॉइन टाळायचं असतं. काउंटरवरून नेलेली ट्यूब मात्र संपली की दुसरी येते. थोरल्या जावेचा उजळलेला चेहरा बघून धाकटीही आणते.

महिने उलटतात तशी त्वचा पातळ होते. गालावर लाल शिरा दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते, पुटकुळ्या उठतात. गॅसपुढे पोळ्या लाटायला उभं राहिलं की तोंडाची आग होते. घाबरून ट्यूब बंद करावी, तर आग आणखी भडकते, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं चोळलं तर निळसर-राखाडी डाग बसू शकतात, आणि ते मूळच्या वांगापेक्षा हट्टी असतात.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्यासाठी देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बराच काळ पाठपुरावा केला होता. नियम झाला, काउंटर होतं तसंच राहिलं. अन्न व औषध प्रशासनाला हे दिसत नसेल, असं मानायला मी तयार नाही.

बिनलेबलच्या डब्या तर याहून वाईट. अकोल्यातल्या आई आणि दोन मुलींची बातमी काही वर्षांपूर्वी सगळ्यांनी वाचली. गोरं करणारं क्रीम लावलं आणि तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएममध्ये क्रीम तपासलं, तर त्यात पारा निघाला. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही. नकळत आलेलाही १० लाख भागांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही. डबीवर कंपनीचं नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही, तर ती घरात आणायचीच कशाला?

"वय झालं, डाग येणारच" हे वाक्यही आता बंद व्हायला हवं. साठीच्या कुठल्याही बाईचा हात नीट बघा. मनगटाच्या मागे, पालथ्या पंजावर तपकिरी ठिपके दिसतील. ब्लाउजच्या बाहीखालची कातडी त्याच वयाची, पण तिथे सहसा एकही ठिपका नसतो. वर्षानुवर्षांचं ऊन हे या डागांचं मुख्य कारण. वांगाला ऊन लागतंच, शिवाय गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्याचा वारसाही लागतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत तो पुष्कळदा आपोआप फिका होतो. तेवढा धीर सासूबाईंनी आणि शेजारणींनी धरावा. "तोंडाला काय झालं गं?" या एका प्रश्नाने कितीतरी जणींना त्या काउंटरपर्यंत ढकललं आहे.

पुण्यातल्या मुली गाडीवर स्कार्फ आणि सनकोट घालून निघतात, त्यांची इतकी वर्षं टिंगल झाली. त्यांचंच बरोबर होतं. कांदा काढणाऱ्या बायका तोंडाला घट्ट रुमाल बांधतात, त्यांचंही. सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त घ्या, चेहरा-मानेला दोन बोटांवर ओळ ओढून येईल एवढं लावा आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन जास्त कामाचं, कारण साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो. आणि लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि तिथे नवा काळा डाग उठतो.

उपचार आहेत. ॲझेलेइक ॲसिड आहे, नियासिनामाइड आहे, उन्हाने आलेल्या तपकिरी ठिपक्यांसाठी गोठवण्याचा उपाय आणि लेसरही आहे. पण आपल्या सावळ्या त्वचेवर लेसर किंवा पीलिंगचा जोर जरा जास्त झाला की डागाच्या जागी आणखी काळा डाग येतो. म्हणून मशीन कुठल्या देशाचं हे विचारण्याआधी चालवणाऱ्याची पदवी विचारा. फिकं व्हायला महिने लागतात. पंधरा दिवसांची हमी देणाऱ्याकडून उठून या.

एखादा डाग वेडावाकडा पसरत असेल, त्यात दोन-तीन रंग दिसत असतील, खाज किंवा रक्त येत असेल, तर कुठलंही क्रीम न लावता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

आणि आज एवढं कराच. आरशामागच्या कप्प्यातली ट्यूब काढा, चष्मा लावून घटक वाचा. मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन यांपैकी काही दिसलं आणि ती कुठल्या डॉक्टरने लिहून दिलेली नसेल, तर ती ट्यूब घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. फार दिवस लावत असाल तर ती एकदम बंद न करता कशी थांबवायची, हेही त्यांनाच विचारा.