रनरेट काकाजी

आमच्या भागात काकाजी गल्लोगल्ली आहेत; पण ‘रनरेट काकाजी’ कुठं राहतात असं विचारलंत, तर इटियाडोह धरणाच्या पाळीपासून अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडपर्यंत कोणीही हात करून दाखवील. त्यांचं खरं नाव मतदारयादीत आहे. ते बाहेर काढायची गरज पाच वर्षांतून एकदाच पडते.

काकाजी पाटबंधारे खात्यात मोजणीदार होते. गाढवी नदीवरच्या या धरणाचं पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांतल्या धानाला जातं. कोणाच्या बांधीत किती पाणी गेलं, किती क्षेत्र भिजलं, कोणाची पाणीपट्टी किती, हे काढण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीत खात्यानं शाल आणि नारळ दिला, पण मोजायची खोड परत घेतली नाही. मग काकाजी क्रिकेट मोजू लागले. खिशात तीच लांबट वही, तेच रकाने. ‘शेतकऱ्याचे नाव’ खोडून ‘टीम’, ‘क्षेत्र’ खोडून ‘रन’. शेवटचा रकाना ‘शेरा’. तो मात्र त्यांनी खोडला नाही.

काकाजींचा सिझन तीन पाळ्यांत होतो. पहिल्या पाळीत ते उदार असतात. पानठेल्यावर उभे राहून, पन्नीत खर्रा घोटत घोटत सांगतात, “यंदा कप आपलाच हाय गा. लिहून ठेव.” पानठेलेवाला खरंच लिहून ठेवतो, उधारीच्या वहीत. दुसऱ्या पाळीत हिशेब सुरू होतो. चेन्नई हरली, लखनौची मॅच पावसात गेली आणि आपण चौदा ओव्हरच्या आत जिंकलो, तर रनरेट किती होतो, हे ते मोबाइलपेक्षा लवकर सांगतात. या दिवसांत खर्रा इतका बारीक घोटला जातो की त्यात सुपारी होती हे चावणाऱ्याला ऐकीवच राहतं. तिसरी पाळी पराभवाची. तेव्हा एकच वाक्य असतं, “मी मनलो होतो!”

पानठेलेवाला वही काढतो. “काकाजी, तुमी तर कप आपलाच मनले होते. हे पाहा, सतरा तारीख.”

“ते तोंडानं मनलो. मनातून येगळंच होतं.”

मनातलं नेमकं काय होतं, त्यासाठी त्यांचा सिद्धांत समजून घ्यावा लागतो. कालव्याचं एक ‘हेड’ असतं, एक ‘टेल’ असतो. हेडवर पाणी छाती काढून वाहतं. तिथला शेतकरी बांधी तुडुंब भरून घेतो, वर रात्री एखादा पाइप टाकून ठेवतो. मधल्यांचं जेमतेम भागतं. टेलवरचा माणूस मात्र फावडं घेऊन कालव्याच्या कोरड्या तळाकडे पाहत बसतो. काकाजींच्या मते जगातली प्रत्येक टीम हा एक कालवा आहे. “सुरवातीच्या मॅचीत एवढं जितून का करता गा? शेवटाले पानी ठेवा ना! हेडवरच सप्पा उपसून टाकते अन् मंग टेलले धूळ.”

विदर्भाची आयपीएलमध्ये टीम नाही. त्यामुळं काकाजी दरसाल नवी टीम दत्तक घेतात. नियम एकच, तिच्यात विदर्भाचा पोरगा पाहिजे. २०२३च्या डिसेंबरात लिलाव झाला. राजस्थान रॉयल्सनं विदर्भाच्या शुभम दुबेवर ५ कोटी ८० लाख लावले आणि काकाजी त्या दुपारपासून राजस्थानी झाले. २०२४मध्ये राजस्थाननं पहिल्या नऊपैकी आठ मॅच जिंकल्या. दुबेला खेळायला फार थोडं मिळालं, पण काकाजींचं म्हणणं, तो बसला आहे म्हणूनच टीम जिंकते आहे. मग लागोपाठ चार मॅच हरल्या. शेवटची पावसात वाहून गेली. तिसऱ्या नंबरवर येऊन कसंबसं बंगळुरूला हरवलं आणि पुढच्या मॅचमध्ये हैदराबादकडून ३६ धावांनी मार खाल्ला. वहीत शेरा पडला, ‘पाणी टेलपर्यंत पोचले नाही.’

२०२५मध्ये त्यांनी दिल्ली घेतली, कारण करुण नायर. हा गडी जन्मला जोधपूरला, वाढला कर्नाटकात, पण विदर्भाकडून खेळू लागला होता. “आपल्या कालव्याचं पानी पेला, आपला झाला,” असा निकाल काकाजींनी दिला. दिल्लीनं पहिल्या चारही मॅच जिंकल्या. पाचवी १३ एप्रिलला, मुंबईशी. नायरनं ४० चेंडूंत ८९ धावा कुटल्या. काकाजींनी पानठेल्यावर असलेल्या सगळ्यांना खर्रा सांगितला. खर्रा घोटून होईपर्यंत दिल्लीचे शेवटचे तीन गडी लागोपाठच्या तीन चेंडूंवर धावबाद झाले होते. पैसे द्यावेच लागले. सिझन संपला तेव्हा दिल्ली पाचव्या नंबरवर. पहिल्या चार मॅच जिंकूनही बाद फेरीबाहेर राहिलेली ती आयपीएलच्या इतिहासातली पहिलीच टीम.

याहून मोठं दुःख पुढं होतं. त्याच वर्षी अमरावतीचा जितेश शर्मा बंगळुरूत होता. पोरांनी सुचवलं होतं, काकाजी, बंगलोर घ्या. काकाजी हसले होते. “सतरा वर्सं टेलले थेंब नाई अन् तुमी मले तिथं शेती कराले सांगता?” २७ मे रोजी जितेशनं लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, ३ जूनला बंगळुरूनं कप उचलला. त्या रात्री काकाजी बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी बंगळुरूवाल्या पोरांचं शिष्टमंडळ त्यांच्या घरी गेलं. काकाजींना वाटलं, चिडवायला आले. पण पोरं पायाच पडली. “तुमी दिल्ली घेतली मनून आमी जितलो. पुढच्या सालीबी आमच्या टीमले हात लावू नोका.”

अमेरिकेत फिलाडेल्फियाला असलेल्या नात्यातल्या एका पोरानं फोनवर त्यांचं सांत्वन करायचा प्रयत्न केला. तिकडं बेसबॉल नावाचा खेळ आहे. १९६४मध्ये तिथली फिलीज नावाची टीम बारा मॅच उरलेल्या असताना साडेसहा मॅचनं पुढं होती.

“साडेसहा? मॅच अर्धी असते का गा?”

पोरानं बराच वेळ समजावलं. काकाजींनी रनच्या रकान्यात ६॥ असं लिहिलं.

मग ती टीम लागोपाठ दहा मॅच हरली आणि सेंट लुईसच्या टीमनं बाजी मारली. का हरली? तर मॅनेजर जीन मॉक यानं घाबरून जिम बनिंग आणि क्रिस शॉर्ट या दोनच पिचरना पुरती विश्रांती न देता पुन्हा पुन्हा चेंडू फेकायला लावलं, असं लोक म्हणतात.

काकाजी खाटेवरून उठलेच. “मंजे हेडवालेच पानी ओढत होते! तिथंबी!” नंतर जरा घुटमळून विचारलं, “तिकडचे मतारे अजून बोलतेत का त्याच्याबद्दल?”

“साठ वर्षं झाली, अजून बोलतात.”

काकाजींना त्या रात्री गाढ झोप लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना जगात बिरादरी सापडली होती.

पण आयपीएलचं दुःख भाड्याचं. घरचं दुःख रणजीचं. २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा विदर्भानं रणजी करंडक जिंकला, तेव्हा काकाजी नोकरीत होते आणि मोजायला धान होतं. त्यामुळं ते सुख नीट मोजायचंच राहिलं. २०२४च्या मार्चमध्ये विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात गेला. वानखेडेवर, समोर मुंबई. पहिल्या डावात विदर्भ १०५वर गारद. काकाजी म्हणाले, “मी मनलो होतो.” जिंकायला ५३८ हवे होते. इतक्या धावा मोजायला वहीचं पान उलटावं लागलं.

शेवटच्या दिवशी, १४ मार्चला, काकाजी सकाळीच धरणाच्या पाळीवर जाऊन बसले, कारण रेंज तिथं बरी. अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळत होते. सकाळचं अख्खं सत्र गेलं, गडी पडला नाही. काकाजींनी सोबतच्या माणसाला उठू दिलं नाही. त्याला कशासाठी उठायचं होतं, हेही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीला ५ बाद ३३३. “दोनशे पाच रायले. होते गा, होते.” वाडकरचं शतक झालं. काकाजींनी पेनाचं टोपण काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर हात नेऊन ठेवला. ३५३ झाल्या आणि वाडकर १०२वर पायचीत. त्यानंतर काय झालं ते काकाजी अजून एका दमात सांगू शकत नाहीत. ३६८वर सगळे बाद. १६९ धावांनी पराभव. मुंबईचा बेचाळिसावा करंडक.

काकाजींनी अशी बोंब ठोकली की मधोमध जाळं टाकत असलेल्या ढिवरांचा डोंगा काठाकडे वळला. “कोन बुडलं गा?” त्यांनी पाण्यातूनच हाळी दिली.

“पाच जन!” काकाजी ओरडले. “पंधरा रनात!”

डोंगा अर्ध्या वाटेनं परत फिरला.

हे सगळं काकूंनी ऐकलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्याच उन्हाळ्यात अवकाळी पाऊस आला आणि कापायला आलेला त्यांचा उन्हाळी धान आडवा झाला. काकाजी बांधावर जाऊन आले, पाय धुतले, “आला पानी, का करता” एवढं बोलले आणि राजस्थानचा रनरेट काढायला बसले. काकूंना हे कोडं वाटत नाही. त्यांची जमीन कालव्याच्या टेलवर आहे. काकाजी खात्यात असताना दर पाळीला सगळ्यांचं पाणी मोजत खाली खाली येत, आणि स्वतःच्या बांधीशी पोचेपर्यंत मोजायला काही उरत नसे. तक्रार केली असती तर लोक म्हणाले असते, खात्याचा माणूस स्वतःचंच पाहतो. टेलवरचे शेतकरी त्यांना तोंडावर बोलत आणि ते खाली मान घालून क्षेत्र लिहीत.

“नोकरीभर दुसऱ्याच्या शिव्या आयकल्या बिचाऱ्यानं,” काकू म्हणतात. “आता देऊन रायले. ढगाले देता येत नाई, सायबाले देता येत नाई. वाडकरले मुंबईत आयकू थोडीच जाते? देऊ द्या.”

जानेवारी २०२५मध्ये विजय हजारे स्पर्धेत तर कालवा दुथडी भरून आला. करुण नायरनं अंतिम सामन्याआधी ७५२ धावा केल्या होत्या आणि अख्ख्या स्पर्धेत एकदाच बाद झाला होता. सरासरी ७५२! मोजणीदाराच्या वहीत असा आकडा चढला तर वरचा साहेब चौकशी लावेल. १८ जानेवारीला बडोद्यात अंतिम सामना, समोर नायरचं जुनं घर कर्नाटक. त्यांच्या ३४८. नायर २७वर गेला. ध्रुव शोरीनं शतक केलं, हर्ष दुबेनं ६३, तरी विदर्भ ३१२वर आटपला. ३६ धावांनी हार.

काकाजींनी मागची पानं उलटली. राजस्थान हरलं ते ३६ धावांनी. २०२०मध्ये ॲडलेडला भारताचा डाव आटपला तो ३६वर. तेव्हापासून काकाजी छत्तीस हा आकडा बोलत नाहीत. पस्तिसाच्या पुढं ‘अन् एक’ म्हणतात. गोंदिया जिल्ह्याची सीमा छत्तीसगडला लागून आहे, यावर मात्र त्यांनी अजून काही काढलेलं नाही. पोरं वाट पाहत आहेत.

आणि मग ती गोष्ट घडली जिची काकाजींनी कसलीच तयारी केली नव्हती. विदर्भ जिंकला. फेब्रुवारीत नागपूरला रणजीच्या उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी पाडलं. वानखेडेची थकबाकी वसूल. मग जामठ्याला केरळाशी अंतिम सामना. दानिश मालेवारच्या १५३, नायरच्या दुसऱ्या डावात १३५, हर्ष दुबेचे सिझनमधले ६९ बळी म्हणजे रणजीतला नवा विक्रम. २ मार्च २०२५ला तिसरा करंडक विदर्भाच्या हातात आला.

पानठेल्यावर पेढे वाटले गेले. काकाजींनी पेढा हातात घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. पेढा चांगला होता. बोलायला काहीच नव्हतं.

“मॅच बरोबरीत सुटली ना?” अखेर ते म्हणाले.

“काकाजी, पयल्या डावात लीड आपली! ३७ची!”

“३७.” काकाजींनी मनात एक वजा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. “एकानं वाचलो, मंजे. अन् दुसऱ्या डावात नऊ गेले होते. धावी गेली असती मंग?”

“गेली नाई ना पण!”

“गेली नाई, हे खरं,” काकाजी म्हणाले, आणि इतक्या नाराजीनं म्हणाले की पेढेवाल्यानं त्यांना आणखी एक पेढा दिला.

त्या रात्री त्यांनी वही काढली. टीम, विदर्भ. रन, ३७९ आणि ३७५. शेऱ्याशी येऊन पेन थांबलं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘पाणी टेलपर्यंत पोचले.’ सही केली, तारीख टाकली, वही मिटली. दिवा मालवून झोपले. मध्यरात्री उठले, पुन्हा दिवा लावला आणि सहीच्या खाली बारीक अक्षरात भर घातली, ‘खात्री नाही. फेरमोजणी व्हावी.’