स्क्रममास्तर

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीत जो माणूस स्वतः एक ओळ कोड लिहीत नाही आणि इतरांनी किती लिहिला याची मात्र दिवसभर चौकशी करतो, तो स्क्रममास्तर समजावा. गळ्यात ओळखपत्र, हातात मार्कर आणि पाठीमागे पिवळ्या चिठ्ठ्यांची भिंत. ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’ असे तीन रकाने. मधल्यात संध्याकाळच्या पीएमपीइतकी गर्दी.

मास्तरांचं मूळ पीठ अमेरिकेत. फेब्रुवारी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी सॉफ्टवेअर बनवण्याच्या ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा लिहिला; स्क्रम त्याच घराण्यातला. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं महत्त्वाचं, हे त्यातलं पहिलंच कलम. ते मास्तरांना तोंडपाठ आहे. फक्त जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिकीट काढल्याशिवाय ते कुणाशी बोलत नाहीत.

रोज सकाळी सगळ्यांना उभं करून १५ मिनिटांची मीटिंग. पाय दुखले की माणूस थोडक्यात आटोपतो, हा त्यामागचा हिशेब. हा हिशेब मांडणाऱ्याने टपरीवर उभ्याउभ्या दोन तास राजकारण करणारा पुणेकर पाहिलेला नसावा.

कामाचा अंदाज दिवसांत सांगायचा नाही, पॉइंटांत सांगायचा: १, २, ३, ५, ८, १३. चार नाहीच. नवा पोरगा ‘चार’ म्हणाला की मास्तर शांतपणे विचारतात, “तीन की पाच?” (हे पॉइंट बहुधा आपल्याच डोक्यातून निघाले, आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं, असं रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहून टाकलं. ते त्या १७ जणांपैकीच. मास्तरांना हे कुणी सांगितलेलं नाही.)

पण मास्तरांची खरी कला पाहायची तर साहेब आल्यावर. “एक छोटंसं काम आहे, याच स्प्रिंटमध्ये बसवून टाकू.” (स्प्रिंट म्हणजे ठरलेल्या मुदतीची कामाची फेरी.) आधीचा लीड ‘हो सर’ म्हणायचा आणि पोरांचा शनिवार बुडायचा. मास्तर ‘नाही’ म्हणत नाहीत. ते साहेबांना भिंतीपाशी नेतात.

“घेऊ या की सर. आठाचं दिसतंय. यातली आठाची कुठली काढू?”

साहेब बघतात. एक चिठ्ठी क्लायंटची. दुसरी साहेबांच्या साहेबांची. तिसरी त्यांनी स्वतःच गेल्या आठवड्यात ‘छोटंसं काम’ म्हणून घुसवलेली. साहेब चष्मा पुसतात. “राहू दे, पुढच्या स्प्रिंटला बघू.”

एकदा साहेबांनी फर्मावलं, टीमचा वेग वाढवा, ३० पॉइंटांचे ४० करा. पुढच्या प्लॅनिंगला तीनाची कामं पाचाची झाली. आलेख चढला, साहेबांनी तो वर दाखवला, वरच्यांनी टाळ्या वाजवल्या. काम होतं तेवढंच राहिलं. मला यात लबाडी दिसत नाही. ज्याने आकडा मागितला, त्याला आकडा मिळाला.

मास्तरांची चेष्टा सगळं ऑफिस करतं. त्यांची टीम सोडून कुठं जायला मात्र कुणी तयार होत नाही. तेव्हा उद्या तुमच्या साहेबांनी असंच छोटंसं काम आणलं, तर ‘नाही’ म्हणू नका. ‘कुठलं काढू?’ एवढंच विचारा. फक्त त्याआधी साहेबांची एक तरी चिठ्ठी भिंतीवर लावलेली असू द्या.