कोपरवाल्या काकांस



तुमचं नाव ठाऊक नाही, पण तुमच्या उजव्या कोपराशी माझा चांगला परिचय झाला आहे. दूधसागर धबधब्याची उंची 310 मीटर, टप्पे चार. माझ्या फोटोंत पाचवाही आहे. चौकड्यांच्या हाफशर्टातून बाहेर आलेला, केसाळ, ऐन धारेच्या मधोमध.

गाडीनं लोंढा स्टेशन सोडल्यावर तुम्ही माझ्या खिडकीशी आलात. "जरा सरकता का? पाचच मिनिटं." ब्रागांझा घाटातली पाच मिनिटं म्हणजे काय, काका! ऐन पावसाळ्यात कायदा न मोडता दूधसागर जवळून बघायचा, तर माझ्यापुरती गाडीची खिडकी एवढीच जागा उरली आहे. कुळ्याहून अभयारण्यात जाणाऱ्या जीपा बंद. कॅसलरॉकहून रुळांवरून चालत जायला बंदी. 2023 च्या जुलैत गेलेल्या हौशी मंडळींपैकी काहींना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, आणि रेल्वेनं वर सांगितलं की धबधबा डब्यातूनच बघा. बघतो की! त्यासाठीच एसीची बंद काच टाळून स्लीपरची खिडकी धरली. लेन्स पुसायला मांडीवर कोरडा रुमाल, शटर एक हजारांश सेकंदावर, बोट बटणावर. त्यात धुकं. ते जरा बाजूला होतं न होतं, तोच गाडी बोगद्यात शिरते.

ते बाजूला झालं, काका. संपूर्ण झालं. वरच्या कड्यापासून खाली पुलापर्यंत सगळं पांढरंफेक. आणि तेवढ्यात तुमचं कोपर आलं!

बरं, धबधबा बघायला आलं असतं तरी मी गिळलं असतं. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभे! मोबाइल उलटा धरून, हात खिडकीबाहेर ताणून, स्वतःच्याच तोंडाकडे बघत. अहो, ज्याच्यासाठी लोक उठाबशा काढतात त्याच्याकडे पाठ? मागं कोणीतरी स्पीकरवर गाणी लावली होती, वरच्या बर्थवरून पोरं माझ्या खांद्यावर उतरत होती, तेही सोसलं. वेफर्सचं रिकामं पाकीट अभयारण्यात भिरकावणाऱ्याला मात्र मी पत्र लिहिणार नाही. त्याला ते पाकीट आणायला दरीत पाठवायला हवं.

मग तुमचं बोलणं कानावर आलं. "दिसतंय का गं? अगं, मागं बघ ना, माझ्या मागं!" घाटात रेंज नव्हती. स्क्रीनवर स्वयंपाकघराची फरशी आणि अर्धा चेहरा, दोन्ही गोठलेले. तरी तुम्ही हात आणखी लांब केलात आणि बोलतच राहिलात. गाडी बोगद्यात गेली तरी.

कुळ्याला रेंज आली, तुम्ही पुन्हा फोन लावलात. पलीकडून पहिला प्रश्न, "डबा खाल्लात का?" तुम्ही म्हणालात, "खाल्ला. धबधबा काय, पाणीच आहे," आणि फोन खिशात घातलात. मला काही बोलावंसं वाटेना.

तेव्हा काकूंचा नंबर तेवढा कळवा. कोपर कापून जेवढा दूधसागर उरतोय तेवढा पाठवून देतो. पुढच्या पावसाळ्यात माझ्या डब्यात दिसलात तर मात्र खिडकी मिळणार नाही. काकूंना घेऊन आलात तर त्यांना देईन. तुम्ही उभे राहा.

आपला,
साइड लोअर